निळं पिंप

मुलांच्या वॉर्डाबाहेर, माझ्या शेजारच्या बाकावर बहीण-भाऊ बसले होते. तिची मुलगी आत होती.

"पिंप मी तीनदा धुतलं होतं, ताई. साबण लावून."

"आणि मी त्यात प्यायचं पाणी भरलं. भावानं आणलंय म्हणून शेजारणीला मिरवून दाखवलं."

"कारखान्यात सगळ्यांनाच देतात. मालकांची भेट म्हणून."

"रसायनांची रिकामी पिंपं घातक कचऱ्याच्या गाडीत जातात, असं तूच सांगायचास ना?"

"लेबल असलेली जातात. म्हणून आधी आमच्याकडून लेबलं खरवडून घेतात. मग ती नुसती पिंपं."

"मालकांच्या स्वयंपाकघरात आहे का असलं एखादं?"

"टोमणे नंतर मार गं."

"बरं. डॉक्टर सकाळपासून विचारतायत, पिंपात काय होतं? कळलं तर नेमकं औषध देता येईल. काय लिहिलं होतं त्या लेबलावर?"

"नाही आठवत. रोज इतकी खरवडतो, वाचतंय कोण?"

"मग साहेबांना फोन लाव."

"मघाशीच लावला."

"काय म्हणाले?"

"म्हणाले, कुठलं पिंप?"