पुढची चाकं ओढत नाहीत

(नोव्हेंबरातली रविवारची सकाळ. झाशीबाहेर, बडागावच्या वाटेवरच्या शेतात जुना ट्रॅक्टर उभा आहे. चारुता त्याच्याखाली पोत्यावर आडवी. तिचे वडील गजानन शेजारी उभे.)

चारुता : हं, आता हलवा दांडा, अण्णा. फोर-व्हीलचा.

गजानन : तूच वर येऊन हलव ना.

चारुता : मी वर आले तर खाली काय सरकतंय ते कोण बघणार? हलवा.

गजानन : हलवला. दिसलं काही?

चारुता : पायाने ढकललात?

गजानन : जड आहे जरा.

चारुता : जड कुठे? मघाशी मी दोन बोटांनी हलवला. बरं. सळई सरकतेय. टोकाची पिन जागेवर आहे, क्लिपसुद्धा.

गजानन : म्हणजे दांडा आपलं काम करतोय. आता चाकं फिरवून बघायची. ठोकळे ठेवलेस ना नीट? नुसत्या जॅकवर भरवसा ठेवायचा नाही.

चारुता : पुढे दोन्हीकडे ठोकळे, मागच्या चाकांना दगड, गाडी गिअरमध्ये, किल्ली माझ्या खिशात. अजून काही? जॅक मारून मारून खांदे गेले माझे. सहा दिवस सदर बाजारच्या ऑफिसात फायली उपसायच्या, सातव्या दिवशी हे.

गजानन : तुला कोणी बोलावलं होतं?

चारुता : तुम्हीच. गुरुवारी ऑफिसात फोन करून. पेरणीआधी पाणी दिलेल्या तुकड्यात ट्रॅक्टर रुतला, पुढची चाकं ओढत नाहीत, शेजारच्या शेतातल्या तुलाराम भैयांनी दोर लावून बाहेर काढला. विसरलात?

गजानन : विसरलो नाही. वीसेक दिवसांत गहू पडला नाही तर हंगाम गेला, म्हणून केला फोन. चल, हे डावं चाक मी गुडघ्याने दाबून धरतो. तू उजवं फिरव, आणि मधल्या शाफ्टकडे बघ. तो अडला पाहिजे.

चारुता : फिरतोय.

गजानन : थोडा हलतोय की फिरतोय?

चारुता : गरागरा फिरतोय अण्णा, पंख्यासारखा.

गजानन : फिरायला नको होता. म्हणजे पुढचा अ‍ॅक्सल शाबूत आहे, चाकापासून शाफ्टपर्यंत जोर पोचतो. पण मागून त्याला कोणी धरून ठेवत नाही. खोट मागच्या टोकाला. कव्हर काढ. चार बोल्ट आहेत, तेराचा पाना घे.

चारुता : तीन निघाले. चौथा गंजलाय.

गजानन : डिझेल सोड त्यावर. झटका देऊ नकोस, हात सोलशील.

चारुता : सोलला.

गजानन : बघू.

चारुता : राहू दे. निघालं कव्हर. आत ती बांगडीसारखी नळी आहे, शाफ्ट जिच्यात बसतो ती.

गजानन : कपलिंग. शाफ्ट मागे सरकव आणि नळीत बोट घाल. दाते लागतात?

चारुता : कडेला लागतात. आत... आत काहीच नाही. गुळगुळीत. शाफ्टचे दातेही तसेच, चाटून गेल्यासारखे. आणि ग्रीसमध्ये चमचम आहे काहीतरी.

गजानन : लोखंडाचा भुगा. सापडलं मग. ये बाहेर, पाणी पी.

चारुता : कशाने झालं हे?

गजानन : जुनं झालंय.

चारुता : अण्णा, अडतीस वर्षं लोको शेडमध्ये काढलीत. कुणी फिटरने रजिस्टरात ‘जुनं झालंय’ एवढंच लिहिलं असतं, तर तुम्ही सही केली असतीत?

गजानन : टायरचं माप चुकलं असेल. पुढचे-मागचे जोडीचे नसले की असं होतं.

चारुता : मघाशीच वाचून बघितलं. कंपनीने दिलेलंच माप आहे, पुढेही आणि मागेही.

गजानन : मग काय... तुला तर माहीतच आहे. ओल्या रानात पुढचं चाक मागच्यापेक्षा जरा जास्त फिरलं तरी माती सरकते, जागा देते. डांबर जागा देत नाही. मग सगळा ताण या दात्यांवर.

चारुता : मतलब, कुणीतरी चारही चाकं लावून पक्क्या रस्त्यावर चालवलाय. आणि एकदा नाही.

गजानन : तो आधीचा ड्रायव्हर असाच होता. बेफिकीर.

चारुता : तो जूनमध्येच काम सोडून गेला. ही नळी आपण ऑगस्टमध्ये नवी घातली. मीच आणली होती सीपरी बाजारातून.

गजानन : तुलाराम येतोय बघ बांधावरून. उठ, हात पूस.

तुलाराम : राम राम कक्का. काए बिन्नू, का खराबी निकरी?

चारुता : कपलिंग घिस गया भैया. पूरा.

तुलाराम : तौ घिसहै नईं? कक्का कातिक भर डामर पै चारऊ चका लगाकें चलाउत रए. हमने दो बेर टोको. कक्का कहत ते, तुम अपनो काम देखो.

चारुता : पूरा कातिक?

तुलाराम : लो, हमने का गलत कै दई? चाय बन रई है घरै, हम ल्याउत हैं.

चारुता : गेले ते. आता बोला. महिनाभर डांबरावर चारही चाकं लावून चालवत होतात. दोनदा टोकलं त्यांनी. तुम्हाला ठाऊक नव्हतं काय होणार ते?

गजानन : होतं.

चारुता : मग?

गजानन : निघत नव्हता.

चारुता : काय निघत नव्हतं?

गजानन : दांडा. पुढे पायाने ढकलता येतो. मागे मात्र डाव्या हाताने खेचावा लागतो. बोटं त्यावर बसतात, आवळत नाहीत. शेतातून रस्त्यावर आलो की दोन-तीनदा ओढून बघायचो. मागून ट्रक हॉर्न मारायचे. मग जाऊ दे म्हणायचो, तसाच न्यायचो. रोज त्याची कुरकुर ऐकू यायची मला. ऐकत ऐकत न्यायचो.

चारुता : कधीपासून आहे हे?

गजानन : गणपतीच्या आधीपासून. पहिल्यांदा दोन बोटं बधिर झाली. आता मनगटापर्यंत.

चारुता : आणि पाय? क्लच?

गजानन : पाय ठीक आहे. खरंच ठीक आहे.

चारुता : ‘ठीक आहे’वर मी आता कसा विश्वास ठेवू? तीन महिने तुम्ही माझ्यासमोर जेवताय. चहाचा कप उजव्या हातात, वर्तमानपत्र टेबलावर पसरलेलं. मला दिसलं नाही. मी फायली बघत होते.

गजानन : दिसू नये असंच करत होतो.

चारुता : का पण?

गजानन : तू नचिकेतला सांगितलं असतंस. तो लगेच मला न्यायला आला असता. मुलाचं काळीज आहे त्याचं, मी वाईट म्हणत नाही. पण पुण्यात बाराव्या मजल्यावर मी करू काय? मागच्या वेळी गेलो तर लिफ्टचं बटणसुद्धा सून दाबायची. ‘बाबा, तुम्ही राहू द्या.’ दिवसभर राहू द्या, राहू द्या. इथे निदान एक यंत्र तरी आहे, ज्याला माझ्यावाचून चालत नाही, असं वाटायचं.

चारुता : तेच मोडलंत.

गजानन : हो. तेच मोडलं.

चारुता : नचिकेतने दोनदा विचारलं होतं, अण्णांना पाठवतेस का म्हणून. होळीला एकदा, राखीला एकदा.

गजानन : मग?

चारुता : दोन्ही वेळा मी नाही म्हटलं.

गजानन : मला कधी बोलली नाहीस.

चारुता : तुम्ही तरी कुठे बोललात? आई गेल्यापासून आपण दोघं सिलिंडर कधी संपला आणि दूधवाला आला का, एवढंच बोलतो. मला वाटायचं, तुम्हाला जायचं असेल आणि माझ्यामुळे अडकून राहिलात. मी दमते अण्णा, खूप दमते. रविवारी इथे येताना टेम्पोत डोळा लागतो माझा. पण दिवसभर ऑफिसात जी-जी, भैया-भैया करून घरी आले, आणि घरात मराठी बोलायला कुणी नसलं, तर मी कुलूप तरी कशाला उघडायचं?

गजानन : ...हातातून रक्त येतंय अजून तुझ्या.

चारुता : येऊ दे.

गजानन : रुमाल घे. बांधला असता मी. पण गाठ मारता येणार नाही.

चारुता : द्या, दाताने मारते. उद्या मी सुट्टी टाकते. सकाळी डॉक्टरकडे जायचं, मग जे निघेल ते निघेल. पेरणी तुलाराम भैयांच्या ट्रॅक्टरने. आणि तोवर तुम्ही या सीटवर बसायचं नाही.

गजानन : आणि नचिकेत?

चारुता : त्याला सांगायचं. लपवायचं नाही. पण बोलवायचं की नाही, ते आपण दोघं ठरवू.

गजानन : शाफ्ट पुरता काढून ठेव. नाहीतर चालताना आपटत राहील. मागच्या दोन चाकांवर तुलारामच्या अंगणापर्यंत जाईल गाडी.

चारुता : काढला. ठोकळेही काढले. मी चालवते. बारावीच्या सुट्टीत शिकवला होतात, बघू हात आठवतो का. तुम्ही बांधावरून चालत या.

गजानन : चालवत नाही गं आज. मडगार्डवर बसू दे.

चारुता : बसा. पण घट्ट धरून.

गजानन : त्या बाजूने चढतो मग, उजव्या हाताला धरायची दांडी येईल अशा. आणि चारू, सावकाश घे. डाव्याने मला धरता येत नाही.