गोगलगायींचा उपास

क्रिसांता : पुन्हा सांग. सगळी संपली म्हणजे काय? तुझ्याकडे काचफुलांचे टब भरले होते.

लार्यो : होते. आता नाहीत. घासून पुसून ठेवल्यासारखे दिसतायत.

क्रिसांता : वर्षभर मी तुझ्या मागे लागलेय. माझ्या माशांच्या टाकीत काचफुलं माजलीत, नाव फुलांचं पण जात समुद्री किड्यांची, साबिनोची पोवळी डंखून मारतायत, तुझ्या समुद्रातल्या गोगलगायी आणून सोड. आणि तू आज येऊन मला सांगतोस की तुझी काचफुलं संपली म्हणून तुझी झोप उडालीय?

लार्यो : ऐकून तर घे, मानांग.

क्रिसांता : मानांग म्हणू नकोस. काम असलं की बरोबर मोठी बहीण आठवते.

लार्यो : माझ्या गोगलगायी दुसरं काही खात नाहीत. शेवाळ नाही, कोळंबीचा चुरा नाही, काही नाही. काचफूल असलं तर जेवण, नाहीतर उपास.

क्रिसांता : माझा नवरा तरी काय, साबिनोपण सुकटीशिवाय ताटावर बसायचा नाही. पण अंडं पुढे ठेवलं की खायचा. ठेवून बघितलंस का अंडं?

लार्यो : चेष्टा करू नकोस. अगदी पांढऱ्या पडल्यात त्या. पाठीवरचे पिसारे गळायला लागलेत. आणखी दोन-चार दिवस, मग टब धुऊन उलटे घालायचे. सहा वर्षांची पैदास आहे ती. आपल्या कोर्दोव्हा गावात दुसऱ्या कुणाकडे नाही, पलीकडे सेबू शहरातही नाही.

क्रिसांता : पण संपली कशी? खाऊचे टब तू वेगळे ठेवतोस ना?

लार्यो : वेगळेच होते.

क्रिसांता : मग?

लार्यो : गोगलगायींची अंडी आत गेली. दोऱ्याचं वेटोळं असतं ना पांढरं, तसलं एक नळीला चिकटून खाऊच्या टबात गेलं. मला दिसलं नाही. अंडी फुटली, पिल्लं आत खात खात वाढली, आणि मी बाहेरून बघतोय की काचफुलं यंदा जरा कमी का दिसतायत.

क्रिसांता : दोन्ही टबांना एकच नळी वापरलीस.

लार्यो : एकदाच.

क्रिसांता : अख्ख्या गावाला शिकवत फिरतोस. एका टबाची नळी दुसऱ्याला लावायची नाही, ओला हात एका टबातून दुसऱ्यात घालायचा नाही. मला तर एकदा टबाजवळून नुसती गेले म्हणून ओरडला होतास.

लार्यो : दुसरी नळी निल्दानं फिएस्ताच्या सणाला पुडिंगवर पाक सोडायला नेली. ती नळी मी परत टबात कशी घालू?

क्रिसांता : झालं. बायकोवर ढकललंस. गिऱ्हाइकं आहेत ना तुझी इतकी? त्यांच्याकडून आण काचफुलं.

लार्यो : सगळ्यांची दारं फिरून आलो. एकाकडे एक फूल नाही. सगळ्या टाक्या स्वच्छ.

क्रिसांता : कुणी केल्या स्वच्छ?

लार्यो : मीच.

क्रिसांता : छान.

लार्यो : वकिलाकडे गेलो, तर तो म्हणाला, तुला पैसे दिले ते हे घालवायला, आता परत पेरू का? बायकोला बोलावून पुन्हा सगळं सांगायला लावलं मला. दोघं हसत होते.

क्रिसांता : मीही हसले असते. पण मला हसू येत नाहीये, कारण शेवटचं दार माझं लागलं तुला. सगळ्या गावाच्या टाक्या धुतल्यास आणि सख्ख्या बहिणीच्या टाकीत जंगल. ती बघ. मागची काच दिसते का? साबिनोनं लावलेलं एकेक पोवळं गेलं. ते तेवढं हिरवं उरलंय, त्यालाही दोन्ही बाजूंनी टेकलीत मेली. रोज थोडं थोडं आक्रसतंय.

लार्यो : दिसतंय मला.

क्रिसांता : विचारलं की तुझं ठरलेलं. पुढच्या पिल्लांतून देतो. पुढच्या पिल्लांना नातवंडं झाली.

लार्यो : मानांग, चूक झाली. कबूल.

क्रिसांता : कबूल केलंस ते बरं झालं. आता डबा कुठाय?

लार्यो : बाहेर. ट्रायसिकल-रिक्षात, ओल्या फडक्यात गुंडाळून.

क्रिसांता : आण मग. तुझ्या गोगलगायी जेवतील, माझं पोवळं वाचेल. दोघांचं भागलं. आता भांडायला उरलं काय?

लार्यो : आज नको.

क्रिसांता : का?

लार्यो : पाण्याचा खारटपणा बघावा लागेल.

क्रिसांता : पाणी आपल्याच किनाऱ्यावरचं. तुझ्याच ड्रममधून आलेलं. तूच ओतलंस रविवारी.

लार्यो : उजेड फार आहे. त्यांना अंधार लागतो.

क्रिसांता : चादर टाकते काचेवर.

लार्यो : प्रवासानं दमल्यात.

क्रिसांता : लार्यो, तुझ्या घरापासून माझ्या घरापर्यंत येताना चप्पलसुद्धा दमत नाही. आत्ता म्हणालास मरतायत. मरतायत की दमल्यात, एक काय ते ठरव. नाहीतर उठ आणि जा, मला भात टाकायचाय.

लार्यो : मग खडकच नेऊ का दोन-चार? खडकासकट फुलं घरी नेतो.

क्रिसांता : खडक साबिनोनं सिमेंटनं सांधलेत. ओढलेस तर ते हिरवं पोवळं आधी तुटेल. ते तुलाही ठाऊक आहे, पिशव्या तूच धरल्या होत्यास.

लार्यो : खरवडून नेली तर...

क्रिसांता : तर एकेका तुकड्यातून नवीन फूल उगवतं. हेही तूच शिकवलंस. काय लपवतोयस? लहानपणी मडकं फोडून आलास तेव्हा असाच उभा होतास, एका पायावरून दुसऱ्या पायावर.

लार्यो : तो मासा.

क्रिसांता : कुठला मासा?

लार्यो : आहे एकच तर. तो सहापट्टी. गोगलगाय दिसली की उचलतो तो. डबाभर सोडल्या तर संध्याकाळपर्यंत एक ठेवणार नाही. म्हणून वर्षभर आणल्या नाहीत.

क्रिसांता : माशासाठी?

लार्यो : आधी तो काढावा लागेल. आणि तो आता म्हातारा झालाय. एकदा हलवलेलं कदाचित सोसेल. काम झाल्यावर पुन्हा इथे आणायचं म्हणशील, तर नाही जगायचा. गेला तो कायमचाच गेला.

क्रिसांता : आणि हे तू मला वर्षभर सांगितलं नाहीस.

लार्यो : कसं सांगू? दाजींचा, मानोंग साबिनोचा मासा तो. शेवटी शेवटी त्यांना उठता येत नव्हतं, तर पलंग इथे काचेसमोर ओढून घेतला होता. तेवढं एक हलतंचालतं उरलंय या घरात त्यांच्या हातचं. मी येऊन म्हणू की मानांग, तोही दे?

क्रिसांता : म्हणून पोवळी मरू दिलीस.

लार्यो : मला वाटायचं, तुझं तुलाच कळेल काही तरी. किंवा मासाच आपणहून जाईल.

क्रिसांता : देवा, काय बुद्धी दिलीस याला. अरे, तो मासा आणला कुणी होता?

लार्यो : मीच आणला होता. मानोंगच्या वाढदिवसाला.

क्रिसांता : मग? तू आणलास म्हणून मी ठेवला. दर रविवारी येतोस, आल्या आल्या काचेला नाक लावतोस, माशाची चौकशी आधी आणि माझी मागून. मी म्हटलं, पोराचा जीव आहे त्याच्यावर, राहू दे. मला आवडत नाही तो.

लार्यो : आवडत नाही?

क्रिसांता : कधीच नाही आवडला. अंगावर पट्टे, डोळा सारखा फिरतो, पोलिसासारखा. हात घातला की चावतो. नवीन मासा टिकू देत नाही. त्याच्यापायी कोळंबीसुद्धा ठेवता आली नाही मला.

लार्यो : मानांग, हे तू मला आधी सांगायचंस.

क्रिसांता : आणि तू मला. वर्षभर तू माझं मन राखतोयस, मी तुझं मन राखतेय, आणि मधल्या मध्ये पोवळी गेली. आईला कळलं असतं तर दोघांच्या पाठीत एकेक रट्टा घातला असता.

लार्यो : मग काढू त्याला? नक्की?

क्रिसांता : मघापासून काय सांगतेय मी? पण नेऊन ठेवणार कुठे? तुझ्या घरी गोगलगायीच गोगलगायी.

लार्यो : दातांच्या डॉक्टरीणबाईंकडे. मोठी टाकी आहे, पाणी मीच बदलतो. त्या नाही म्हणायच्या नाहीत.

क्रिसांता : दवाखान्यात? ते यंत्र घूं घूं करत असतं दिवसभर. पोरं काचेवर टकटक करतात.

लार्यो : पाटी लावायला सांगतो.

क्रिसांता : पोरं पाटी वाचतात होय? असू दे. मला काय त्याचं.

लार्यो : बाटलीचा सापळा आणलाय. आत कोळंबीचा तुकडा घालायचा आणि बसायचं. दोन-तीन दिवस लागतील मात्र. सहापट्टी फार लबाड, एकदा जाळी बघितली की खडकातून बाहेर येत नाही.

क्रिसांता : तोवर तुझ्या गोगलगायी काय हवा खाणार? ठेव ती बाटली. ते पांढरं भांडं दे इकडे. आणि मागे सर, सावली पाडू नकोस.

(ती बाही वर करून हात कोपरापर्यंत पाण्यात घालते आणि तसाच ठेवते.)

लार्यो : नाही यायचा तो असा. मी सांगतो ना, जाळीलाही...

क्रिसांता : बोलू नकोस.

लार्यो : मानांग.

क्रिसांता : भांडं बुडव. हळू. अजून खाली.

लार्यो : तो तुझ्या तळहातात येऊन बसला.

क्रिसांता : भांडं बुडव म्हटलं ना.

लार्यो : चावतो म्हणालीस.

क्रिसांता : चावतो. आज नाही चावला. झाकण लाव. पूर्ण नको, हवा राहू दे.

लार्यो : मानांग, तू इकडे बघ माझ्याकडे. मी परत सोडतो त्याला. गोगलगायींचं बघतो काहीतरी. ओलांगो बेटावर एक जण आहे, त्याला विचारतो.

क्रिसांता : काय बघणार आहेस? सगळी दारं फिरून झाली म्हणालास. ओलांगोच्या होडीची वाट बघत बसलास तर तुझ्या त्या पांढऱ्या पडलेल्या मरतील, इथे ते हिरवं मरेल, आणि मग एकटा हा उरेल. तेवढ्यासाठी का? जा, डबा घेऊन ये, मागच्या कोपऱ्यात सोड. तिथे जास्त आहेत. आणि याला थेट दवाखान्यात ने, वाटेत चहाला थांबू नकोस. पाणी तापतं.

लार्यो : नाही थांबत.

क्रिसांता : डॉक्टरीणबाईंना सांग, पहिले काही दिवस खाणार नाही तो. घाबरायचं नाही. खाणं नुसतं वरून टाकायचं नाही, बोट पाण्यात बुडवून थांबायचं. आणि बोलत राहायचं, म्हणजे येतो.

लार्यो : काय बोलायचं?

क्रिसांता : काहीही. आज काय शिजवलं ते सांगितलं तरी चालतं.