दोघांचीही नाडी

समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या रुग्णालयाचे संचालक फान साहेब, व्यासपीठावरचे ज्येष्ठ वैद्यराज, आज निवृत्त होत असलेल्या सत्कारमूर्ती डॉक्टर मियाओ बाई, औषधकोठीपासून भटारखान्यापर्यंतचे सारे सहकारी, आणि ताटातला मासा गार होत चालला तरी शांत बसलेले श्रोतेहो,

मी शेन बोयुआन. पुरुषांच्या विभागात वैद्य आहे. प्रत्यक्षात सकाळपासून माझ्याकडे येतात त्या बायका. ‘काय होतंय?’ म्हटलं की म्हणतात, ‘मला नाही हो, ह्यांना. ते कामात आहेत. मी सांगते, तुम्ही पुड्या बांधून द्या.’ आता सांगण्यावरून कुणाची नाडी कळते का? हेच ‘हे’ मेजवानीत मर्दानगी वाढते म्हणून हरणाच्या शिंगाची दारू मोठ्या फुशारकीनं पितात. दवाखान्याची पायरी चढायची म्हटली की मात्र यांचे पाय जड होतात. हसू नका, तुमच्यातलेही आहेत काही.

मियाओ बाईंनी यावर एक अट घातली. मूल होत नाही म्हणून आलेल्या बाईला त्या एकटीला काढा लिहून देत नसत. दोघांनी यायचं, नाडी पाहायच्या उशीवर दोघांनीही मनगट ठेवायचं, तपासण्याही दोघांच्या. त्यापायी त्यांनी किती बोलणी खाल्ली, हे आपण सगळेच जाणतो.

काही वर्षांपूर्वी एक सूनबाई आली, सासूच्या मागे मागे. नाव घेत नाही. पाच-सहा वर्षं काढे पिऊन तिची अन्नावरची वासना उडाली होती. बाईंनी सगळं तपासलं आणि म्हणाल्या, ‘हिच्यात काही दोष नाही. हिचे काढे आजपासून बंद. आता मुलाला पाठवा.’

सासूबाई भडकल्या. ‘माझा मुलगा चांगला धडधाकट आहे. तीन वाट्या भात खातो.’

‘भाताचं मी विचारलंच नाही,’ बाई म्हणाल्या.

तक्रार झाली, बाईंना ताकीद मिळाली. मुलगा काही आला नाही. वर्षाच्या आत काडीमोड करून सूनबाईला माहेरी धाडलं.

गेल्या वसंतात ती परत आली. शेजारच्या गावातल्या शेवयांच्या दुकानदाराशी तिचं लग्न झालंय. मुलगी महिन्याची झाली म्हणून लाल रंगवलेली अंडी घेऊन आली होती. मला वाटलं, बाई खूश होतील. ती गेल्यावर बाई अंडं सोलता सोलता संतापून म्हणाल्या, ‘शेन, इतकी वर्षं हिला काढे पाजणारे आपलेच वैद्य होते ना?’ होतेच.

आणि फान साहेब, आत्ता आपण बाईंच्या हाती फुलं दिलीत आणि त्याच दमात जाहीर केलंत की सोमवारपासून रुग्णांच्या सोयीसाठी ही जोडीनं येण्याची अट रद्द. कुणाची सोय, साहेब? मी गोड भाषण लिहून आणलं होतं, ते खिशातच राहिलं. राग आलाय, लपवत नाही.

कालच नोंदणीच्या खिडकीशी त्याच सासूबाई दिसल्या. बरोबर नवी सून होती, जेमतेम विशीतली. मुलगा नव्हता. ‘हिलाही काही राहत नाही बघा,’ म्हणाल्या, जणू बाजारातून आणलेलं दुसरं भांडंही गळकंच निघालं. त्यांना सोमवारची वेळ मिळाली आहे.

नवा वैद्य येईपर्यंत बाईंच्या खोलीत मला बसायला सांगितलंय. मी बसेन, आणि अटही तीच राहील. ताकीद द्यायची असेल तर आजच द्या, बाईंच्या देखत.

बाई, तुम्ही आम्हाला नाही म्हणायला शिकवलंत, त्याबद्दल आभार. आपण सर्वांनी ऐकून घेतलंत, त्याबद्दलही. वडीलधाऱ्यांसमोर माझा आवाज चढला, शब्द वाकडे गेले, ते पोटात घाला. त्या पोरीला मात्र सोमवारी मी रिकाम्या हातानं परत पाठवणार आहे, त्याची क्षमा मागत नाही.