आपोआप लागणारे दार

(शिरोलीच्या औद्योगिक वसाहतीतील एक ओतशाळा. सकाळ. भट्टीशेजारच्या ऑफिसात दोघे बसले आहेत.)

बापूसो : ...म्हणून सांगतो, हंबीर, मारण्याचा संकल्प करून शस्त्र उचलणे ही एक हिंसा, आणि घरावर चालून आलेल्याला अडवताना घडते ती दुसरी. दुसरीची गृहस्थाला मोकळीक आहे. परंतु मोकळीक म्हणजे पुण्य नव्हे. माझी नात रणगाडा घडवते, त्याचे पोलाद तू ओततोस. मी तुम्हाला दोष देत नाही. मात्र त्या रणगाड्याला नाव देण्यापूर्वी तो कोणाला राखतो, हे मला कळले पाहिजे.

हंबीरराव : गुरुजी, तीन महिनं झालं, प्रियाताई नाव मागत्यात. आज पाचच्या आत समितीला कळवायचं हाय. न्हाय तर त्येंचं ‘रिपुमर्दन’ पक्कं हुतंय.

बापूसो : रिपुमर्दन. विग्रह सांग.

हंबीरराव : आता ह्या वयात व्हय? आठवीत तुम्ही कान पिळला, त्यो अजून गरम हाय.

बापूसो : सांग.

हंबीरराव : रिपूचं... मर्दन. षष्ठी तत्पुरुष.

बापूसो : पंचेचाळीस वर्षांनी का होईना, उत्तीर्ण झालास. आता पाहा. या समासात शत्रू आहे, त्याला चिरडणे आहे. आत बसलेली चार माणसे कुठे आहेत? तोफेत गोळा भरणारा तुझा मुलगा राजवीर कुठे आहे?

हंबीरराव : ...समासात न्हाय त्यो.

प्रियदर्शनी : (आत येत) अज्जा! तुम्ही इथे? ओतशाळेत?

बापूसो : ये बाळ. दोन वर्षे हंबीर बोलावत होता. आज आलो. बुटांत वाळू दिसते.

प्रियदर्शनी : चाचणीच्या मैदानावरची. स्टेशनवरून थेट इकडेच आले.

हंबीरराव : ताई, बाकी सगळं राहू द्या. दार?

प्रियदर्शनी : सांगते. पण अज्जांनी इतक्या दिवसांत एक प्रश्न सोडला तर रणगाड्याविषयी काहीच विचारलं नाही. आज पहिल्यापासून ऐकावं लागेल.

हंबीरराव : ताई, जीव टांगणीला लागलाय की हितं!

बापूसो : टांगलेला राहू दे. बोल.

प्रियदर्शनी : वजन अठ्ठावन्न टन. एकशेवीस मिलिमीटरची तोफ. गाडी बांधावरून धडधडत गेली तरी नळी लक्ष्यावरून ढळत नाही. तोफेशेजारी एक मशीनगन, छपरावर दुसरी, ती आत बसून पडद्यावर पाहत चालवायची. क्षेपणास्त्र येताना रडारला दिसलं की आमचा छोटा गोळा त्याला हवेतच गाठतो. ड्रोन वरून येतात, म्हणून छप्पर जाड केलं.

बापूसो : आणि तोफेचे गोळे?

प्रियदर्शनी : अठरा. तोफ बसवलेल्या फिरत्या बुरुजाच्या मागच्या कप्प्यात. माणसं पुढं, दारूगोळा मागं, आणि मध्ये हंबीरकाकांचं दार. आठवतं? जेवणाच्या टेबलावर मी आराखडा पसरला होता. तोफेकडे तुम्ही पाहिलंही नाहीत. म्हणालात, हे दार लावतो कोण? मी म्हटलं, गोळा भरणारा. तर तुम्ही म्हणालात...

बापूसो : भ्यालेला माणूस दार लावायला विसरतो.

प्रियदर्शनी : दुसऱ्या दिवशी ऑफिसात जाऊन मी तो आराखडा खोडला. आता दार मुळात बंदच. गोळा काढायचा तर गुडघ्यानं कळ दाबून धरायची. गुडघा सुटला की दार लागतं. माणूस पडला, भ्याला, शुद्ध हरपली, तरी लागतं.

हंबीरराव : आनि त्या दाराची चौकट म्या अकरा येळा ओतली, गुरुजी. एक्स-रेत मव्हरीएवढी पोकळी दिसली की परत भट्टीत. कामगार म्हनायचे, मालक, एवढी चालतीया की. म्या म्हनलं, तिथं माझं पोरगं गुडघा लावून बसनार हाय. न्हाय चालत!

प्रियदर्शनी : मंगळवारी अठराही गोळे आत ठेवून कप्पा पेटवला.

हंबीरराव : आनि?

प्रियदर्शनी : कप्प्याचे वरचे पत्रे ठरल्याप्रमाणे उडाले. जाळ सरळ आभाळात गेला, तीन मजली. दाराच्या अलीकडे चार पुतळे बसवले होते. हंबीरकाका, दार हललं नाही. चौघांपैकी एकालाही आच लागली नाही!

हंबीरराव : आयला! ...माफ करा, गुरुजी.

बापूसो : आज माफ आहे. आणखी एकदा म्हटलेस तरी चालेल.

प्रियदर्शनी : आणि हंबीरकाका, ही तुमची चिठ्ठी.

हंबीरराव : ही? ही राजवीरला पोचवायला दिलती की!

प्रियदर्शनी : पोचवणारच आहे. पण आधी त्याच्या जागेवरच्या पुतळ्याच्या खिशात ठेवली. पाहा, कागदाचा कोपरासुद्धा पिवळा पडलेला नाही.

बापूसो : फोनच्या काळात चिठ्ठी?

हंबीरराव : फोनवर त्यो नुसतं ‘हां, बरं’ म्हनतो. चिठ्ठी तुम्ही शिकवली तशी लिवतो.

बापूसो : वाच पाहू.

हंबीरराव : चिरंजीव राजवीर यास अनेक आशीर्वाद. इकडील सर्व क्षेम. तुजकडील क्षेम कळवणे...

बापूसो : थांब. नाव मिळाले.

प्रियदर्शनी : कुठलं?

बापूसो : क्षेम. नवे मिळवणे तो योग. जे आपले आहे ते राखणे ते क्षेम. यात शत्रू नाही. आत बसलेला माणूस आहे, आणि त्याची वाट पाहणारेही आहेत.

हंबीरराव : ‘क्षेम एक, क्षेम एक.’ रेडिओवर वरडायला बी सोपं!

प्रियदर्शनी : आणि समितीनं विग्रह विचारला तर?

बापूसो : समास नाही, म्हणून विग्रह नाही. आणि विग्रहाचा दुसरा अर्थ युद्ध, हेही त्यांना कळव.

प्रियदर्शनी : हे पाठवलं. ...अज्जा, उत्तरसुद्धा आलं. प्रमुख लिहितात, ‘हेच नाव. आजोबांना नमस्कार सांगा.’

हंबीरराव : अरं, पेढं आना रं कुनीतरी! बारा किलो आना! गुरुजी, आता रणगाड्याला आशीर्वाद द्या.

बापूसो : रणगाड्याला नाही, हंबीर. तुझ्या दाराला देतो. समोर जो असेल, त्याला आपल्या घरी परतण्याची बुद्धी होवो. हे दार लागण्याची वेळ न येवो. आलीच, तर ते आपोआप लागो. आणि पुन्हा उघडेल तेव्हा आतले हात आठच्या आठ असोत.