सत्तावीस नंबर गैरहजर

सन्माननीय अध्यक्ष महोदय, मुख्याध्यापिका बाई, व्यासपीठावरची पाहुणे मंडळी, माझे सहकारी, आणि खुर्च्या कमी पडल्या म्हणून भिंतीला टेकून उभ्या असलेल्या माझ्या लेकींनो,

एकतीस वर्षं मी या शाळेच्या कार्यालयात कारकून होते. कारकुनाला बोलायची नाही, शिक्का मारायची सवय असते, तेव्हा सांभाळून घ्या. आत्तापर्यंत माझं जे कौतुक झालं ते ऐकून वाटलं, ही बाई कोण बरं, एकदा भेटायला हवं! पण मला आज बोलायचंय ते मी याच शाळेत शिकत असतानाच्या आमच्या वर्गाच्या सिस्टरबद्दल.

आम्ही त्यांना खडू सिस्टर म्हणायचो. पांढऱ्या झग्यावर पांढरा खडू दिसत नाही, असा त्यांचा समज होता. त्यांनी बाही झटकली की पहिला बाक शिंकायचा. चाळीस वर्षं त्यांनी इथे आठवीला शिकवलं. संसार नाही, मूलबाळ नाही; पण आईपणात त्या कुठे कमी पडल्या, असं कोणी म्हणेल का? रागावल्या की मात्र पळता भुई थोडी व्हायची.

मी आठवीत असताना आई अंथरुणाला खिळली. वडील बस चालवायचे, पाठची दोन भावंडं लहान. वडील म्हणाले, "बाळा, आता शाळा राहू दे. तुझ्याशिवाय घराचं काही खरं नाही." मी दप्तर कपाटावर टाकलं. ते पाच महिने तिथेच राहिलं.

इकडे वर्गात काय चाललं होतं, ते मला मैत्रिणीने नंतर सांगितलं. माझा नंबर सत्तावीस. हजेरी घेताना सिस्टर रोज "सत्तावीस" म्हणून थांबायच्या, आणि मगच गैरहजर मांडायच्या. दोन महिन्यांनी मोठ्या सिस्टर, म्हणजे तेव्हाच्या मुख्याध्यापिका, वर्गात येऊन म्हणाल्या, "त्या मुलीचं नाव पटावरून कमी करा, नियम आहे." खडू सिस्टर म्हणाल्या, "सिस्टर, ती गैरहजर आहे. गेलेली नाही."

सहाव्या महिन्यात आई उठून बसली. मी शाळेत आले, पण वर्गाच्या दाराशीच पाय अडखळले. नाव तर कापलं असणार, कोणत्या तोंडाने आत जाऊ? तेवढ्यात आतून आवाज आला, "सत्तावीस."

"हजर," मी म्हटलं. ते कसं म्हटलं, माझं मला ठाऊक.

मान वर न करता सिस्टर म्हणाल्या, "उशीर झाला. बस." आणि दोन जाड वह्या पुढे सरकवल्या. मधल्या सुट्टीत बसून त्यांनी पाच महिन्यांचे धडे उतरवले होते, जसेच्या तसे! एका पानावर तर लिहिलं होतं, 'इथे मी सगळ्यांना ओरडले. तुलाही ओरडले असं समज.' हसा, हसा. मीही आधी हसलेच होते.

सिस्टरना जाऊन नऊ वर्षं झाली. शवपेटीपाशी उभी होते तेव्हा त्यांच्या बाहीकडे लक्ष गेलं. एवढी स्वच्छ बाही मी कधी पाहिली नव्हती. फार आठवण येते हो त्यांची.

मुख्याध्यापिका बाई, आता एक कबुली. दोन महिन्यांपासून आठवीतली एक मुलगी येत नाही. वडील जिन्यावरून पडले, दुकान तिच्यावर आलं. सोमवारी तुम्ही मला चिठ्ठी दिलीत, नाव कमी करा. तुमचं चुकलं नाही, नियम आहे. आज सकाळी पट उघडला, पट्टी ठेवली, पेन उचललं. रेघ मारली नाही. एकतीस वर्षांत हुकूम मोडला तो हा एकच. उद्या माझ्या खुर्चीत दुसरं कोणी असेल, त्यांना काय सांगायचं ते तुमच्या हाती. निरोपाची भेट काय हवी, असं तुम्ही विचारलं होतंत ना? ती रेघ मारू नका, एवढंच द्या.

या पिशवीत वही आहे. रोज मधल्या सुट्टीत फळ्यावरचं उतरवून घेतलंय. अक्षर कारकुनाचं, दोन-चार गणितं चुकलीही असतील. इथून निघाले की दुकानात नेऊन देणार आहे.

सर्वांनी शांतपणे ऐकलंत, मी मनापासून आभारी आहे. बोलण्यात काही कमीजास्त झालं असेल तर पोटात घाला. आणि उद्या आठवीची हजेरी घेणाऱ्या बाई, तिचा नंबर एकोणीस आहे. एकोणीस म्हटलंत की जरा थांबा.