सहाणेवरची गोळी

माझं नाव शकुंतला, माहेर वर्धेकडचं, अठराव्या वर्षी लग्न होऊन रायपूरले आली, यजमान रेल्वेत फिटर होते न जी. तात्यापारा मोहल्ल्यात दोन खोल्या. मंग रायपूर राजधानी झालं, रस्ते रुंद झाले, माझा पोट्टा विलास मोठा झाला, आता मी मराठीत विचारते अन् तो हिंदीत सांगते, चालते.

माहेरून मायची सहाण तेवढी आणली होती. आमच्यात लेकराईले औषध द्यायचं तं सहाणेवर उगाळून मधात चाटवायचं, जायफळ असो की डॉक्टरची गोळी. काय सांगू तुम्हाले, मोहल्ल्यातल्या बाया लेकरं घेऊन माझ्याकडं येत.

मंग यजमानाले गळ्याचा कॅन्सर झाला. डॉक्टरीण दीदीनं दुखण्यावर मॉर्फिनची गोळी देल्ली, बारा तास चालणारी, अख्खीच गिळायची म्हणे. सहा महिन्यांत गोळीची ताकद वाढवत वाढवत एवढी नेली की दुसऱ्या कोणी घेतली तं तो उठणार नाही, असं दीदीच म्हणे. पण हे पेपर वाचत, माझ्यावर खेकसत. त्याच्यानं आमची भीती मेली. आदत हो गई है बाबूजी को, विलास म्हणे, इनको क्या होगा.

मंग गळा अजून आवळला. एका सकाळी गोळी उतरेना, दोनदा बाहेर आली, हे रडायले लागले. मी म्हटलं थांबा जी, अन् सहाण काढली. उगाळली, मधात चाटवली, यायनं बोट चाटून पुसून साफ केलं. थोड्या वेळानं झोपले, कितीक दिवसांनी निवांत झोपले म्हणून मी भाजी चिरत बसली. बाप्पा, भाजी चिरत बसली मी! घोरणं वेगळंच यायले लागलं, मंग तेही थांबलं, जाऊन पाहते तं ओठ निळे, हलवते तं डोळा उघडत नाही.

विलासनं गाडीत टाकून दवाखान्यात नेलं. मॉर्फिनवरच्या उताऱ्याची सुई देल्ली तसे डोळे उघडले, अन् दुखते दुखते म्हणून ओरडायले लागले. गोळी कशी दिली, दीदीनं विचारलं. म्या खरं सांगितलं. ती म्हणे, आई, बारा तासांचं औषध हळूहळू सुटावं म्हणून त्या गोळीत बांधून ठेवलं असते, तुम्ही उगाळलं न् सगळं एकदम सुटलं. अंगाले सवय होती ती हळूहळू घ्यायची, एकदम घ्यायची नाही.

शुद्ध आली तसा यायनं हट्ट धरला, घरी चला. विलासही म्हणे, माँ, बात तो कर रहे हैं, ले चलते हैं. दीदी म्हणे सुईचा असर लवकर उतरते, गोळीचा राहते, श्वास परत थांबू शकते. मी ठरवलं, एक चूक झाली, दुसरी नाही करायची, अन् पलंगाजवळ बसली ती उठलीच नाही. हे मले नाही नाही ते बोलले. बोला म्हटलं, बोलून राहिले म्हणजे श्वास चालू आहे. तासाभरानं बोलणं थांबलं. छातीकडं पाहून राहिली होती मी, एक श्वास घेतला अन् दुसऱ्याची वाटच. मी ओरडली, दीदी धावत आली, पुन्हा सुई देल्ली अन् मंग ते औषध सलाइनमधून चालूच ठेवलं. घरी नेलं असतं तं?

त्याच्यानंतर चार महिने जगले हे, नाकातल्या नळीतून दुसरं औषध घेत. गेले ते बिमारीनं गेले, माझ्या हातानं नाही गेले.

आता दीदी घरोघरी अशे पेशंट पाहायले जाते, तिच्यासंग मी जाते, पार भनपुरीपर्यंत. गुडघे दुखतात, तरी जाते. पिशवीत सहाण असते. घरच्या बाईपुढं ती ठेवते न् म्हणते, बहन, इसी पर मैंने अपने आदमी की गोली घिसी थी, आप मत घिसना. मंग ती बाई ऐकते.

तुमच्या घरी कोणाले अशी गोळी न लागो, बाप्पा. लागलीच तं अख्खी द्या, अन् उतरत नसन तं डॉक्टरले विचारा, तोवर हात नका लावू. मायची सहाण आहे, फेकवत नाही, पण आता तिच्यावर काही उगाळत नाही मी, चंदनही नाही.