वडनेरचं ऊन

सुधा: थांबव, थांबव थे. ही खाली मान घालून बसली, थे मीच हाय ना?

मयुरी: तूच आई. वडनेरला आजोबांच्या ओसरीत बाबा तुला बघायला आले, तो दिवस. उद्या तुमच्या लग्नाच्या वाढदिवसाला सगळ्यांना दाखवणार आहे. एवढीशी फिल्म, पण अख्खा उन्हाळा गेला माझा.

सुधा: मंग मी रडून काऊन राह्यली?

मयुरी: बाबांनी सांगितलं तसं केलं. तुझे खांदे हलत होते म्हणे. त्यांनी डोक्यावर टॉवेल घेऊन करून दाखवलं, मी मोबाइलवर शूट केलं, अन् त्यावरून एकेक चित्र काढलं. म्हणून तर खरं वाटतं ना?

सुधा: खांदे अगदी बरोबर हायेत, पोरी. असेच हालत होते. पण अंधार कायले केला एवढा? निळा-निळा, जसं घरात कोणी गेलं!

मयुरी: रडायचा सीन आहे ना! उजेड कमी केला की बघणाऱ्याचं मन आपोआप जड होतं.

सुधा: अवो, पण मी रडतच नव्हती! हसू दाबून राह्यली होती.

मयुरी: काय?

सुधा: तुह्या बाबाचं पाया पडणं पाह्यलं असतं तं तूबी हसली असती. आजोबाच्या पडले, काकाच्या पडले, मामाच्या पडले. वाकले ते वाकतच गेले. शेवटी आमचा रुपेश बसला होता, सातवीतला. त्याच्याबी पडले! अन् त्या बदमाशानं डोक्यावर हात ठेवून म्हनलं, ‘सुखी राहा, बेटा.’

मयुरी: रुपेशमामानं? आई गं, पोट दुखलं माझं! पण बाबा तर मला म्हणाले, ‘बिचारीच्या मनात नव्हतं.’ सांगताना आवाज पडला होता त्यांचा.

सुधा: असं म्हनले?

मयुरी: हो.

सुधा: इतक्या वर्षांत मले इचारलं नाई एकदाबी. सकाळ होती मयुरी. दारातून ऊन येऊन राह्यलं होतं, सरळ माह्या पायावर. थे ऊन लाव.

मयुरी: अन् खांदे?

सुधा: खांद्याले हात लावू नको.

(संध्याकाळ. मयुरीचे बाबा योगेंद्र सावंगीहून कामावरून आलेत. डबा हातात असतानाच त्यांना लॅपटॉपपुढे बसवलंय.)

योगेंद्र: हे तर मी पाह्यलं आहे. नाही, थांब. ही हसतेय का?

मयुरी: तिची एक रेघ बदलली नाही, बाबा. तुम्ही दाखवले तेच खांदे. फक्त ऊन आत घेतलं. अन् रुपेशमामाचे पाय टाकले, त्यांत रंग भरायचा आहे अजून.

योगेंद्र: रुपेशच्या पाया पडलो मी?

सुधा: पडले तं! आशीर्वादबी घेतला.

योगेंद्र: मी घाबरून गेलतो सुधा. मले नुसते पायच दिसत होते. अन् मग तुझे खांदे. मले आतापर्यंत वाटत होतं, मी तुले पसंत नव्हतो.

सुधा: पसंत नसते तं हसू कायले दाबलं असतं? तोंडावर हसली असती.

योगेंद्र: मयुरी, पुन्हा लाव. रुपेशच्या पायांपासून.